शंभरातले तेवीस

डॉक्टर फेन्स्ट्राने पडदा आमच्याकडे वळवला.
शंभर माणसं, दहा-दहांच्या ओळी,
बिनचेहऱ्याची,
शौचालयाच्या दारावर असतात तशी.
त्यातली तेवीस तांबडी.

वय एकाहत्तर. रक्तदाब, साखर,
मानेतली धमनी किती उरलीय मोकळी,
चाळीस वर्षांचा पाइप,
आणि मार्चमधली ती सकाळ,
जेव्हा एप्पोच्या हातून किटली सुटली
आणि उजवा हात टेबलावर नुसता पडून राहिला,
पाहुण्याने विसरलेल्या हातमोज्यासारखा.
सगळं तिने एका सूत्रात घातलं.
दहा वर्षांत, शंभरातल्या तेवीस जणांना
पुन्हा.
मेंदूत, नाहीतर हृदयात, नाहीतर पायात कुठेतरी.

एप्पोने डावं बोट उचललं,
ओळीओळीवरून फिरवलं.
"मी. कुठला?"
हे दोन शब्द बरोबर आले त्याला.
"ते नाही सांगता येत," ती म्हणाली,
"हे तुमच्यासारख्या शंभरांबद्दल आहे."
एप्पोसारखे शंभर!
मला एकाचंच धुणं पुरे झालंय.

सदतीस वर्षं हा बांधावर नोकरीला होता.
इकडे आमची समुद्राहून खोल शेतं,
तिकडे डॉलार्डची खाडी, मध्ये हा.
गावसभेत फळ्यावर लिहायचा,
चार हजार वर्षांतून एकदा.
विधवा टालेना दर वेळी हात वर करायची,
"हो, पण कुठल्या वर्षी?"
सगळे हसायचे. हाही.
घरी येऊन म्हणायचा,
म्हातारीला शक्यता म्हणजे काय तेच कळत नाही.
त्या दिवशी दवाखान्यातून परतताना,
कालव्यावरचा पूल बोटीसाठी उघडलेला,
आम्ही गाडीत थांबलेलो,
तेव्हा हा आपणहून म्हणाला, "टालेना."
बाकी काही नाही.
पूल खाली येईपर्यंत मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

गोळ्या घेतल्या, पाइप सोडला, मीठ तोडलं
तर चौदा.
डॉक्टरने बटण दाबलं
आणि नऊ माणसं तांबड्याची करडी झाली,
निमूट.
त्या नऊ जणांना कुणी कळवलं असेल का?
त्यांच्या घरी
त्या संध्याकाळी केक कापला असेल का?

मी आता गोळ्यांची डबी भरते,
सात कप्पे, सकाळ-संध्याकाळ.
ज्येष्ठमधाच्या काळ्या खारट गोळ्या बंद,
त्यांनीही दाब चढतो म्हणे,
हे ऐकून तो किटली पडली तेव्हापेक्षा जास्त हादरला.
काल कोटाच्या अस्तरात सापडल्या अकरा.
मी दहा फेकल्या.

रात्री जागी होते.
त्याच्या नाकाशी तळहात धरते.
पहाटे, तो पुरता उठायच्या आत, परीक्षा :
हस. दोन्ही हात वर कर. एक वाक्य बोल.
वाक्य बहुधा चुकतंच,
मिठाला तो मंगळवार म्हणतो, मला कधी हार्मके, कधी शिडी,
पण ते जुनं चुकणं.
मी नवं शोधत असते.

संध्याकाळी बांधावर जातो आम्ही.
त्याचं उजवं पाऊल गवतात रेघ ओढत येतं.
मेंढ्या बाजूला होतात.
मध्येच वाकतो, काठीने गवत बाजूला करतो,
पाणउंदराचं बीळ, मुठीएवढं.
लाट सगळ्यांना दिसते, पूर्वी सांगायचा,
बांध फुटतो तो याने.
आता सांगत नाही. काठी आत घालून
खोली बघतो,
आणि खिशातला खडू काढून
शेजारच्या खांबावर खूण करतो, डाव्या हाताने, वाकडी.

मग वर उभा राहून त्याने भरतीकडे बोट केलं.
"मंगळवार," म्हणाला.
मी दुरुस्त करणार होते.
पण मंगळवारच होता.