वहनव्यय

पाथर्डी फाट्याच्या खांबाला शिडी,
रात्रीचे अकरा वाजून गेलेले.
खांद्यावर काळ्या फायबरचं वेटोळं घेऊन वर मी,
हेमलता निरभवणे, केबल आणि इंटरनेट.
खाली शिडी धरायला पुतण्या, एका हाताने.
दुसऱ्या हातात त्याचा मोबाईल.

तक्रार तिसऱ्या मजल्यावरच्या टकले सरांची:
दर शुक्रवारी मेलबर्नची मुलगी
तोंड अर्धं उघडं ठेवून थिजते,
आणि सर मला असा फोन करतात
जणू मीच तिला बोलता बोलता थांबवलं.

पाचव्या मजल्यावर शार्दूल आहिरराव, अकरावी सायन्स.
त्याच्या खेळाचं अपडेट आलं, नव्वद जीबी, एका घोटात.
"मी कुठं मागितलं मावशी? तेच पाठवतात."
खरं आहे त्याचं.
तेच पाठवतात, तेच दरमहा सदस्यत्वाचे पैसे घेतात
त्याच्या आईच्या कार्डावरून,
आणि या खांबाचा पत्ता त्यांना ठाऊक नाही.

वरचा प्रोव्हायडर म्हणतो, जास्त हवं तर जास्त मोजा.
टकले सर म्हणतात, मी एक फोन करतो, माझ्याकडून का जास्त?
शार्दूल म्हणतो, पावतीवर अनलिमिटेड लिहिलंय.
लिहिलंय.
मीच छापून घेतल्या सारडा सर्कलच्या प्रेसमध्ये
हजार पावत्या, तो शब्द लाल शाईत.

माझे वडील पाटकरी होते, गंगापूरच्या डाव्या कालव्यावर.
आवर्तन सुटलं की सायकल, कमरेला चाव्यांचा जुडगा.
शेवटच्या चारीला पोहोचेपर्यंत
बरंचसं पाणी मातीच पिऊन टाके.
त्यांच्या वहीत त्याला एक रकाना होता: वहनव्यय.
मातीला पाणीपट्टी लावता येत नाही, म्हणायचे,
मग ती सगळ्यांवर थोडी थोडी बसते
आणि जो तो म्हणतो, माझ्यावरच बसली.

मागच्या आठवड्यात शार्दूलने मला पडदा दाखवला.
"या खेळाला कंपनीचा सर्व्हर नसतो, मावशी.
आठ जणांतलं एकाचं मशीन होस्ट होतं. आज माझं."
म्हणजे भुसावळचा एक, मस्कतचे दोघे,
खविस नाव घेतलेला कुणी एक,
सगळे माझ्या तारेवरून चालत
आहिररावांच्या हॉलमध्ये बंदुका घेऊन शिरलेले,
आणि आई आत मेथी निवडत बसलेली.
होस्ट. म्हणजे यजमान.
आमच्या रामकुंडावर यजमान कोण, ते लगेच कळतं:
जो पाटावर बसतो
आणि शेवटी खिशात हात घालतो.
इथे संकल्प कधी सुटला, कुणाच्या नावाने सुटला,
घरात कुणाला पत्ता नाही.

असो. स्प्लिटर बदलायचा तर लाईन तोडायला हवी.
फोन केला. "शार्दूल, तोडतेय रे."
"थांबा ना! मी गेलो तर आठही जण बाहेर पडतील.
शेवटची फेरी आहे. प्लीज."

थांबले.
का थांबले, विचारू नका, मलाही धड सांगता येणार नाही.
पांडवलेण्याकडून वारा येत होता, बोटं बधिर.
मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रक हळू होत होते, पुन्हा वेग घेत होते.
पाचव्या मजल्याची खिडकी निळी, मग नारिंगी, मग निळी.
तिसऱ्यावर टकले सर बाल्कनीत,
फोन आकाशाकडे धरून,
तिकडे पहाट होईल आणि मुलगी कामाला निघेल या घाईत.
पुतण्या खालून म्हणाला, "काकू, झोपलात काय?"

मेसेज आला: झालं. हरलो. थँक्स मावशी.

तोडली. जोडली. चाळीस सेकंद सगळी इमारत मुकी.
मग सरांचा आवाज, वरपर्यंत ऐकू येईल असा,
"हां, बोल बाळा, आता दिसतेस."

सकाळी पावत्या फाडल्या. आहिरराव, सहाशे नव्याण्णव.
टकले, सहाशे नव्याण्णव.
कंपनीच्या नावाची पावती कशी फाडतात, मला माहीत नाही.
वहीत वडिलांसारखा एक रकाना आखला,
पट्टी सापडेना म्हणून हातानेच, वाकडा,
आणि त्यात लिहिलं:
शिडीवर, अकरा मिनिटं.