कानामागे

सूर्य गेला तो आता फेब्रुवारीत येणार.
वस्तीत साठ घरं, त्यांत एक पिवळं: दवाखाना.
वजनकाटा, औषधांचं कपाट,
कानात डोकावणारा कॅमेरा,
आणि मी. डॉक्टर नाही.
जुजबी शिक्षण, डावा कान बहिरा.

नाया आली ती हसतच आली.
कडेवर मिनिक, दोन वर्षांचा,
टोपी कानांवर ओढलेली.
"चार रात्री रडला गं, कान ओढ ओढ ओढला.
परवा पहाटे उशीवर पिवळं काहीतरी सांडलं
आणि गप्प झोपला.
बरा झालाय. मी आलेय ते विचारायला,
टोपीवरचा हा डाग कशानं जातो."

मी हसले नाही.
अचानक थांबलेलं दुखणं माझ्या ओळखीचं आहे.
पडद्याआड पू साचतो, पडदा ताणत जातो,
मग फाटतो,
आणि घरभर शांतता होते.
सुटलो, म्हणतात सगळे.
माझी आईही म्हणाली होती,
सीलचं कातडं ताणून खिळे ठोकता ठोकता.
मग कान वाहिला महिनाभर, वाहिला हिवाळाभर.
वाहतातच मुलांचे कान,
जशी नाकं वाहतात.
शाळेत बाई म्हणाल्या, ही ऐकत नाही,
आणि मला मागच्या बाकावर बसवलं,
जिथून काहीच ऐकू येत नव्हतं.

टोपी काढली.
डावा कान डोक्यापासून सुटून पुढे आलेला,
जणू पोर कुणाचं तरी बोलणं चोरून ऐकतंय.
मागची घडी भरून गेलेली.
लाल, गरम, बोट लावताच किंकाळी.
कानामागे टाकलेलं
कानामागेच येऊन बसलं होतं.

फोटो पाठवले. पडद्यावरची डॉक्टर
माझं वाक्य पुरं होऊ न देता म्हणाली: आजच.
पहिलं इंजेक्शन आत्ता. हेलिकॉप्टर,
वारा पडला तर, दोन वाजता.

तेवढ्यात आजोबा ऊसाक्काक बाटली घेऊन हजर.
"सीलचं तेल. कोमट. दोन थेंब."
"फुटलेल्या कानात काही घालायचं नाही!"
"काय?"
"काही! घालायचं! नाही!"
त्यांचा उजवा कान बंदुकीनं नेला,
उरलेल्यात रात्रंदिवस शिट्टी वाजते.
आम्ही दोघं आपापला शाबूत कान पुढे करत
एकमेकांभोवती फिरत भांडलो.
नाया रडता रडता हसली.

"मला कळायला हवं होतं," ती म्हणाली.
कसं कळणार?
गेल्याच आठवड्यात पाविआचा कान बंद झाला,
तो मरणाच्या भीतीनं धावत आला. मळ निघाला.
आणि क्नूद मास्तर
एका सकाळी उठले तर एक कान मुका.
मळच असेल, म्हणाले. तीन आठवडे थांबले.
तीन दिवसांत आले असते, तर कदाचित.
बाहेरून दोन्ही कान सारखेच दिसतात, नाया.
म्हणून मी म्हणते, येऊन तर जा.
मळ निघाला तर चहा पिऊ.
पण कानामागे सूज, तोंड वाकडं,
घर गरगर फिरतंय,
किंवा रात्रीतून ऐकूच येईनासं झालं,
तर चहाची वाट बघू नका.

दोन वाजले. मग तीन.
मग वारा पडला.
बर्फावर दिवे लावून आम्ही उभे.
एका कानाला दिशा कळत नाही.
आवाज आला की मी नेहमी
चुकीच्या आभाळाकडे बघते.
आजही बघितलं,
आणि माझ्याचसारखा मिनिकही
रिकाम्या अंधाराकडे बोट दाखवत होता.
नायानं आधी त्याचं डोकं वळवलं,
मग माझं.

दार लागताना आठवलं.
"टोपी गार पाण्यात भिजव!" मी ओरडले.
"गरम नको, डाग बसतो!"
पाती फिरत होती.
तिनं कानाला हात लावून विचारलं: काय?