उणे साठ

माकूल बादलीत फार तर तासभर जगतं.
म्हणून पहाटे चारला हर्णै बंदरावर
गमबूट, बॅटरीवर गुरगुरणारा हवेचा पंप,
आणि इस्माईल सोलकरची होडी लागेपर्यंत
बर्फाच्या पेटीवर बसलेली मी.
लिलावातल्या बायका हसायच्या.
एवढी शिकली, आणि घेते काय तर माकूल,
तेही जिवंत. तेही खात नाही.

दापोलीला दोन खोल्यांची प्रयोगशाळा, मागे पोफळी.
भिंगाखाली पांढरा धागा,
गोधडीच्या दोऱ्याएवढा जाड,
एकाच पेशीचा एकच लांब हात.
त्यात काचेची सुई शिरवायची
(ज्योतीवर मीच ओढायचे, दहातल्या सात मोडायच्या)
की पडद्यावरची हिरवी रेघ खाली उतरून थांबायची.
उणे साठ.
काही घडत नसतानाचा आकडा.
पण काही न घडू देणं हेही काम असतं,
सोडियम बाहेर, पोटॅशियम आत, रात्रंदिवस उपसा.
पुस्तकात वाचलं होतं. कळलं मात्र
इस्माईलचा धाकटा गळक्या होडीत
डालड्याच्या डब्याने पाणी उपसत होता तेव्हा.
थांबला असता तर होडी समुद्राएवढीच झाली असती.

जून-जुलै होड्या वाळूवर, मी रिकामी.
वीज गेली की ऑक्टोबरही रिकामा.

एकोणतीस वर्षं एका प्रथिनामागे.
कॅल्शियम आत आलं की ते
पुटिकेला भिंतीशी चिकटवतं,
की चिकटण्यापासून अडवून धरतं?
एवढाच प्रश्न.
मी छापलं, चिकटवतं.
सात वर्षांनी माझ्याच विद्यार्थिनीने, रेवा तांबडकरने,
दाखवून दिलं, अडवतं.
तिचं बरोबर होतं. मी तिला अभिनंदनाचं पत्र लिहिलं.
तीन दिवस जेवण गेलं नाही, ते पत्रात नाही.

मग साठी, निरोपाची शाल, सूक्ष्मदर्शकावर कापड.
आणि गेल्या शिमग्यात निरोप आला, इस्माईल पडला.

खतीजाने ओसरीवर खुर्ची दिली.
"बाय, जन्मभर तू हेच चिरत बसलीस,
मग सांग, याच्या डोक्यात झालं काय?"
डावी बाजू, मधली रोहिणी, सगळं येत होतं मला.
रक्त अडलं की उपसा थांबतो,
उणे साठ वर वर चढत शून्याला टेकतं.
मी म्हटलं, पाणी उपसणारा थांबला, भाभी.
ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली, चहा घे.

शब्द सगळे गेलेत त्याचे.
एक शिवी तेवढी शाबूत.
भुकेला तीच, उन्हाला तीच, नातवाला जवळ घेताना तीच,
प्रत्येक वेळी निराळ्या सुरात.
मी जायला उठले तसं त्याने
माझ्या मोकळ्या हातांकडे पाहिलं,
बादली कुठेय म्हणून शोधलं असावं,
आणि प्रश्नाच्या सुरात ती शिवी घातली.

नाही, म्हटलं. आता नाही लागत.