केसांच्या वळणाने

छत्तीस वर्षं नोट प्रेसमध्ये
ताव तपासले मी.
अंगठ्याखालून कागद नुसता सरकला की कळायचं
कुठं शाई चढलीय, कुठं कोपरा दुमडलाय.
आता तीच बोटं
जेलरोडच्या घराच्या पायरीवर बसून
कुत्र्याच्या अंगावरून फिरतात.
आयुष्यभर नोटा, शेवटी हाती चिल्लर,
असं शेजारचे बेंडकुळे म्हणाले,
तेच नाव चिकटलं.

दसकच्या पुलाखाली सापडला तेव्हा
अंगावर केस कमी, खपल्या जास्त.
कान खाजवून खाजवून रक्ताळलेले,
पाठीवर रुपयाएवढे चट्टे.
असा ताव हाती आला असता
तर लाल पेन्सिलीने फुली मारून
बाजूला ठेवला असता.
हा मात्र मांडीवर झोपला.
फुली कुठं मारायची?

औषधं सगळ्यांनी सांगितली.
बेंडकुळे: करंज तेल.
दूधवाला: गंधक, लोण्यात खलून.
किराणावाल्या छाजेडांनी तर
स्वतःच्या टकलाला लावायची बाटली काढून दिली.
तुम्हाला कुठं आलेत, म्हटलं.
हसले, पण बाटली परत घेतली नाही.

देवळाली कॅम्पातल्या डॉक्टर फर्नांडिसबाईंनी
भिंगातून पाहिलं, इंजेक्शन दिलं,
मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं,
"खायला काय घालता?"
दूध-पोळी. कधीमधी ग्लुकोजचं बिस्किट.
"काका, चमक बाटलीतून येत नाही.
ती पोटातून वर येते,
आणि सावकाश येते."

म्हणून आमच्या घरात अंडं आलं.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा.
त्याचं पातेलं वेगळं, मागच्या नळाखाली,
कालिंदी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही,
पण भाजलेल्या जवसाची पूड
तीच करून ठेवते, बरणीवर चिठ्ठी लावून: कुत्रा.

अंघोळ महिन्यातून एकदाच.
माणसांचा शाम्पू नाही.
पाणी कोमट, कानात कापसाचे बोळे,
आणि फेस शेवटपर्यंत निघेतो
धीर, त्याचाही, माझाही.

जानेवारीत निफाडचा पारा पाचावर आला
त्या आठवड्यात पुन्हा सगळा कोंडा.
मी काळ्या शालीवर तो पडलेला पाहिला
आणि खरं सांगतो, खचलो.
बाई फोनवर म्हणाल्या, थंडीनं होतं. विंचरत राहा.

विंचरत राहिलो.
संध्याकाळी प्रेसचा भोंगा झाला
की तो आपणच ब्रश तोंडात धरून येतो.
आधी बोटं: कानामागे, काखेत, शेपटीच्या मुळाशी,
गोचीड तिथंच दडते.
मग ब्रश, केसांच्या वळणाने.
हात उलटा गेला की मान वळवून बघतो,
जुन्या सुपरवायझरसारखा.

आणि एका संध्याकाळी, नेमकी कोणती ते ठाऊक नाही,
उन्हाची तिरीप त्याच्या पाठीवर पडली
आणि घसरली.
कोऱ्या तावावरून घसरायची तशी.
इतके दिवस मी त्याला करडा समजत होतो.
तो तांबूस आहे.

कालिंदी दारात उभी होती.
"इतक्या वर्षांत माझ्या केसांना
कधी बोट लावलंत?"
पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी,
हे काय उत्तर झालं?
मी ब्रशमधले केस काढत बसलो.

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधीच
ती खालच्या पायरीवर येऊन बसली,
पाठ माझ्याकडे.
शेजारी खोबरेलची बाटली,
थिजलेली, दुपारभर उन्हात ठेवून अर्धी वितळलेली.
पांढरे, विरळ केस.
मी बोटं घातली
आणि सवयीनं कानामागे थांबलो.

"काय शोधताय?"
"काही नाही."
"सापडलं तर सांगा."

तेवढ्यात चिल्लर ब्रश घेऊन आला,
आम्हा दोघांच्या मधे घुसला,
आणि शेपटीनं
बाटली आडवी केली.