एकशे दहा

क्लाक्सविकच्या खाडीत सामन माशांचे पिंजरे,
काठावरच्या खोलीत पडद्यावर नुसतं: ११०.
रात्री अडीचला हानुसचा फोन,
"बिरिता, एकशे दहा काय? मासे? माझं वय?"

सकाळी तिने तक्ता उघडला.
१११: यंत्र जागं आहे, दार उघडत नाही.
११३: तिथवर वाटच नाही, केबल बघा.
१०४: बोलता बोलता तिकडून फोन आपटला.
११०: वाट पाहिली. उत्तर नाही.

हानुसने चष्मा कपाळावर सरकवून वाचलं.
"किती वाट पाहिली?"
तीस सेकंद.
तो हसला नाही.
खिडकीतून खाडीचं तोंड दाखवलं,
जिथून त्याचा बाप एकोणिसाव्या दिवशी परतला होता
दाढीत मीठ घेऊन.
आई रोज त्याचं पान वाढत होती.

बिरिताने ओळ खोडली.
तीस सेकंद थांबलो. पुन्हा विचारतो आहे.
मग प्रोग्रामही बदलावा लागला,
वाक्य खरं ठरावं म्हणून.

सगळ्यात खाली, ज्या आकड्यांना नाव नाही त्यांच्यासाठी
"अज्ञात त्रुटी" होतं. तेही काढलं.
आता तिथे आहे:
मलाही ठाऊक नाही. बिरिताला उठवा.
आणि तिचा घरचा नंबर.