हँडब्रेक राहिला

अल्मसखानने मागचं चाक काढलं
तेव्हा ड्रममधून ओंजळभर एंगुरी सांडली,
गाळ, गंज, लायनिंगची काळी राख.

‘ओढा ओलांडला की तीन वळणं
ही निवा कुणाच्या बापाचं ऐकत नाही.’
माझ्याही नाही ऐकायची.
त्या तीन वळणांत वडील गियर पाडून
तिच्याशी स्वानीत बोलत राहायचे, हळू,
बुजलेल्या घोड्याशी बोलावं तसं.

दुसरा ड्रम निघता निघेना.
हातोडा, डिझेल, शिव्या, पुन्हा हातोडा.
मग ब्रॅकेट. मग डिस्क.
कुताइसीच्या भंगारातला कॅलिपर
एका वायसरपुरता घासत होता,
तोही बसला.
दारीको पेडलवर: दाब. धर. सोड. दाब.
अंधार पडला तरी नळीतून बुडबुडे येतच होते.

सकाळी ओढ्यातून थेट उतारावर.
पाय टेकवला मात्र,
गाडी जागच्या जागी.
बोलायला काही उरलंच नाही.

फक्त हँडब्रेकची तार
आता कशालाच जोडलेली नाही.
‘बघू पुढच्या महिन्यात,’ अल्मसखान हात पुसत म्हणाला.
सीटखालचा वडिलांचा दगड काढून
मी चाकाला उटी लावली.

ड्रम आईने नेले.
चीजवर ठेवायला वजन हवंच होतं तिला.