परत पाठवण्याबाबत

फ्राऊ लिंडनर यांस, दाभोळहून.
पाकीट मिळालं. तुमची चिकटपट्टी शाबूत होती,
तिच्यावर आमच्या मुंबईच्या साहेबांची दुसरी,
आणि दोन पट्ट्यांच्या मधे एकवीस दिवस.
ड्युटी भरली, पावती फाईलला लावली.

दोन लारी मागवल्या, दोन्ही पोचल्या.
चांदीची तार, बोटाच्या दोन पेरांएवढी,
मधोमध दुमडलेली, टोकं शेजारी शेजारी,
वर ठोकलेली अक्षरं,
निम्मी तारेवर, निम्मी हवेत.
शरफुद्दीन तांडेल हातात घेऊन म्हणाला,
चाचा, हा गळ सुरमईला चालायचा नाही.
मी म्हटलं, याला माणसं लागायची.

तुमच्या यादीत लिहिलंय : टांकसाळ, बहुधा दाभोळ.
तो बहुधा मी जेवल्यावर पुन्हा वाचला.
खाडीत धोपाव्याची शेवटची फेरीबोट
दिवे लावून निघाली होती.

मी स्वतः कस्टममध्ये होतो, लाँचवर, एकोणतीस वर्षं.
अंजनवेलच्या दिव्याखाली इंजिन बंद करून बसायचो.
घड्याळं, कापड, सोन्याची बिस्किटं,
आत येणारं अडवायचं, एवढंच शिकवलेलं.
तोंड कायम समुद्राकडे.
गावातून काय निघालं ते आमच्या पाठीमागून गेलं.

लहानपणी वरच्या वाडीत माडाला आळं खणताना
एक मडकं लागलं होतं. आत अशाच तारा, गुंता झालेल्या.
सोनाराने वजनावर घेतल्या.
काही त्याने आटवल्या, काही नाही.
तुमच्या कागदावर आहे : जहाजावरील एका डॉक्टरचा संग्रह,
सन १९७० पूर्वीचा.
साल ठळक अक्षरात छापलंय तुम्ही. बरोबर केलंत,
कायदा बहात्तरचा.
मी काही म्हणत नाही. नुसतं मडकं आठवलं.

आता मुद्द्याचं.
दोनांतली एक खोटी आहे.
भिंगाखाली बारीक खळगे दिसतात, बुडबुड्यांचे,
अक्षरांच्या कडा चोखलेल्या गोळीसारख्या,
म्हणजे ठोकलेली नव्हे, ओतलेली.
तुम्ही लिहिता, पसंत नसल्यास तीस दिवसांत परत.
बाई, परत कशी करू?
शंभर वर्षांहून जुनं नाणं एकदा या देशात उतरलं
की माझ्यासारख्याला ते बाहेर धाडता येत नाही.
आणि ते जुनं नाही असं म्हणायचं
तर म्हणणारा मी कोण?
पुरातत्त्वच्या कचेरीत अर्ज, फोटो दोन्ही बाजूंचे,
तज्ज्ञांनी बघायचं, मग शिक्का :
सदर वस्तू पुरातन नाही.
तोवर तुमचे तीस दिवस केव्हाच बुडालेले.

गंमत अशी, की खोटी ठरली तरच तिला पासपोर्ट.
खरीला नाही.
खरी एके काळी दाभोळहून होर्मुझला जायची,
खलाशाच्या कमरपट्ट्यात, वजनावर,
तिला कुणी कागद विचारला नसेल.
माझी झुलेखा मस्कतला असते. फोनवर म्हणाली,
अब्बा, येताना एक आणा, गळ्यात घालीन.
मी म्हटलं, विमानतळावर माझ्याच खात्याची पोरं उभी असतील.
ती हसली. मला हसू यायला वेळ लागला.

म्हणून ठरवलंय असं :
पैसे तुम्हीच ठेवा.
खोटीचा दाखला निघाला, की ती झुलेखाला धाडतो.
सरकारी शिक्क्याची खोटी नाणी किती जणींकडे असतील?
खरी इथे, पेन्शनच्या पुस्तकाशेजारी डब्यात.
तिला आता दाभोळबाहेर पडता येत नाही.
मलाही फारसं नाही, गुडघे.

आपला,
अब्दुलगनी मुकादम, निवृत्त.

ता. क. पुढच्या यादीत
ते बहुधा काढता आलं तर पाहा.